चित्र दाखवलं की मुलं निबंधच लिहितात. नववीच्या वर्गात काय वेगळं करता येईल?

खडूफळा:

नववी-दहावीला भाषा शिकवते. यंदा चित्रकलेचे सर आणि मी, दोघांना मिळून आठवड्यातून एक जोडतास मिळालाय, सलग ७० मिनिटांचा. वर्गात ४८ मुलं. चित्र बघायचं आणि त्यावर लिहायचं असं आम्ही ठरवलं. पहिल्या तासाला व्हॅन गॉगचं ‘स्टारी नाइट’ प्रोजेक्टरवर लावलं. नंतर वह्या उघडल्या तर हे: ‘रात्रीचे सौंदर्य अवर्णनीय असते. आकाशात चांदण्या लुकलुकत आहेत. निसर्ग हा आपला खरा गुरू आहे.’ अवर्णनीय म्हणायचं आणि पुढे दीड पान वर्णन करायचं, यात आमची मुलं तरबेज. त्या आकाशात भोवरे आहेत, डावीकडे एक काळपट झाड थेट चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत गेलंय, हे एकाही वहीत नाही. चित्र न लावता नुसतं ‘रात्र’ असं फळ्यावर लिहिलं असतं तरी याच वह्या आल्या असत्या.

सर म्हणतात, ‘आधी बघू दे त्यांना, लिहिणं नंतर.’ मान्य. पण बघायला किती वेळ द्यायचा? दोन मिनिटांत चुळबुळ सुरू होते. शिवाय ज्यांचा चित्राचा हात चांगला त्यांना लिहायचं नसतं, आणि लिहिणारी मुलं पेन्सिल धरायला लाजतात.

कोणतं चित्र घ्यावं, काय विचारावं, ४८ वह्यांचं काय करावं? प्रत्यक्ष वर्गात केलेलं सांगा. ‘सर्जनशीलतेला वाव द्या’ छापाचं नको, ते प्रशिक्षणात भरपूर ऐकून झालंय.

जलरंग:

मी चित्रकला शिकवते, त्यामुळे तुमच्या सरांच्या बाजूने आहे हे आधीच सांगून टाकते.

‘स्टारी नाइट’ यासाठी नको. चित्र थोर आहे, पण मुलांनी ते मोबाइलच्या कव्हरवर, कपावर, टी-शर्टवर इतक्यांदा पाहिलंय की त्यांना आता ते दिसतच नाही, फक्त ओळखू येतं. शिवाय त्यात माणूस नाही. नववीतल्या मुलाला माणसं लागतात आणि काहीतरी घडत असलेलं लागतं. मी पहिल्या जोडतासाला पीटर ब्रूगल या चित्रकाराच्या नावावर असलेलं इकॅरसचं चित्र घेते. इकॅरस म्हणजे ग्रीक पुराणकथेतला तो मुलगा, जो बापाने करून दिलेल्या पंखांनी उडाला, सूर्याच्या फार जवळ गेला आणि मेण वितळून समुद्रात पडला. सोळाव्या शतकातलं आहे, ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे. नाव मात्र शेवटपर्यंत सांगायचं नाही. नाव सांगितलं की बघणं संपतं.

चित्रात काय आहे: पुढे, अगदी आपल्या अंगावर, एक शेतकरी घोड्याच्या नांगराने जमीन नांगरतोय. त्याच्या खाली, मध्यभागी, काठीवर रेललेला मेंढपाळ, कुत्रा आणि मेंढ्या. उजव्या खालच्या कोपऱ्यात पाठमोरा बसलेला गळ टाकणारा माणूस. मागे समुद्र, शिडं फुगलेलं जहाज, क्षितिजावर सूर्य. आणि जहाज व किनारा यांच्या मध्ये, पाण्यातून वर आलेले दोन पाय. बस्स. बुडणाऱ्याचं एवढंच चित्र.

आता पद्धत. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, लिहायचं नाही. त्यानंतर माझ्याकडे फक्त तीन प्रश्न असतात: या चित्रात काय चाललंय? तू असं म्हणतोस ते चित्रात काय दिसलं म्हणून? आणखी काय सापडतंय? हे प्रश्न माझे नाहीत. अबिगेल हाउझेन आणि फिलिप येनवाइन या दोघांनी संग्रहालयांतल्या कामातून ते तयार केले आणि पुढे शाळांमध्ये रुजवले. सगळी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. मुलगी म्हणाली, ‘शेतकरी दमलाय.’ लगेच विचारायचं, कशावरून? मग तिला चित्राजवळ यावं लागतं. मान खाली आहे म्हणून? मान खाली तर नांगराची रेघ सरळ जातेय का बघायलाही असते. आता वर्गात दोन पक्ष. तुम्ही मध्ये पडायचं नाही. ‘छान’, ‘शाब्बास’ म्हणायचं नाही, कारण एकाला छान म्हटलं की बाकीचे तेच उत्तर शोधायला लागतात. मूल जे बोललं ते तुमच्या शब्दांत परत म्हणायचं आणि त्या जागेवर बोट ठेवायचं, इतकंच. चार तास हे करा, चुळबुळ जाते. चुळबुळ होते ती करायला काही नसतं म्हणून.

पाय कुणाला तरी दिसतातच. कधी पाचव्या मिनिटाला, कधी फारच उशिरा. ज्याला दिसले त्याला पुढे बोलवायचं. त्यानंतर वर्ग पुन्हा पहिल्यापासून बघायला लागतो आणि मग खरे प्रश्न येतात. बाकी कुणाचं लक्ष कसं नाही? जहाज इतक्या जवळ असून वळत का नाही?

इथे तुमचं काम, म्हणजे भाषेचं. ही गोष्ट सांगणाऱ्या ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटॅमॉर्फोसेस’च्या आठव्या भागातला उतारा तुम्ही आपल्या मराठीत करून वाचून दाखवा, आठ-दहा ओळींचा. मेणाने चिकटवलेले पंख, उंच जाऊ नकोस असं बजावणारा बाप, आणि खाली कोण कोण होतं तेही: गळ टाकणारा, काठीवर टेकलेला मेंढपाळ, नांगरावर वाकलेला शेतकरी. म्हणजे तिन्ही माणसं कवितेतूनच आलीत. पण कवितेत ती वर बघून थक्क होतात, हे देवच असणार असं त्यांना वाटतं. चित्रात? एक जमिनीकडे बघतोय, एक पाण्याकडे. मेंढपाळ वर बघतोय खरा, पण भलतीकडे, आणि तिथे काहीच नाही.

हा फरक मुलांना शोधू द्या. तुम्ही सांगितलात तर वाया गेला. सूर्यावर एक मुलगा हमखास अडतो: मेण उन्हाने वितळलं ना, मग सूर्य क्षितिजावर टेकलेला कसा? याचं एक उत्तर नाही. नसू दे.

मेंढपाळाचं मात्र एक छान आहे. याच चित्राची दुसरी एक आवृत्ती ब्रसेल्सलाच व्हॅन ब्यूरेन संग्रहालयात आहे. तिच्यात मेंढपाळ बघतोय त्या आकाशात बाप डेडलस उडताना दाखवलाय. आधी मुलांना विचारायचं की हा काय बघत असेल. पक्ष्यापासून विमानापर्यंत सगळं येऊ द्यायचं. मग ती दुसरी आवृत्ती लावायची. आणि हो, मोठ्या संग्रहालयातलं चित्रही हरवलेल्या मूळ चित्राची नक्कल असावी असं आता बरेच अभ्यासक मानतात. हे दहावीला सांगितलंत तर ‘मग हे खोटं चित्र का बघायचं?’ या प्रश्नावर अख्खा तास जाईल. मला तो तास आवडतो, तुम्हाला अभ्यासक्रम असेल.

आता चित्र काढणं. प्रत्येकाने चौघांपैकी एक जण घ्यायचा: शेतकरी, मेंढपाळ, गळवाला, जहाजावरचा खलाशी. आणि तो उभा आहे तिथून त्याला जे दिसेल तेवढंच काढायचं. पेन्सिल, १२ मिनिटं, रंगपेटी दप्तरातच राहू दे. रंग काढले की मुलं सजवायला बसतात. शेतकऱ्याच्या जागेवरून काय दिसतं? घोड्याचा पार्श्वभाग. अर्धा कागद तोच. मुलं हसतात, पण बरोबर काढतात. समुद्र कुठे जातो? कडेला एक पट्टी, किंवा नाहीच. गळवाल्याला दोरी आणि पाणी. आपण बाहेरून सगळं बघत होतो, यातल्या एकालाही सगळं दिसत नाही, हे न सांगता कळतं. चांगला हात, वाईट हात याला इथे किंमत नसते. रेघा वाकड्या असल्या तरी चालतात, जागा चुकली तर मात्र मी परत काढायला लावते.

मग लिहिणं. त्याच माणसाच्या तोंडून, त्या संध्याकाळी घरी गेल्यावर. नियम एकच: तुझ्या कागदावर जे आलं नाही ते तुला माहीत नाही. इकॅरस हे नाव माहीत नाही, पंख माहीत नाहीत. ‘धबाक’ ऐकू आलं असेल तर चालेल. या एका नियमामुळे ‘निसर्ग हा आपला खरा गुरू आहे’ आपोआप बंद होतं, कारण शेतकरी घरी जाऊन असलं काही बोलत नाही.

पेन्सिलला लाजणाऱ्यांसाठी सुरुवातीला पाच मिनिटं आपल्याच डाव्या हाताचं चित्र, कागदाकडे अजिबात न बघता, पेन्सिल न उचलता. निकोलायडीस नावाच्या अमेरिकन शिक्षकाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये आलेल्या पुस्तकात या सरावाला पहिलं स्थान आहे. सगळ्यांचीच चित्रं विचित्र येतात, चांगला हात असलेल्यांची जरा जास्तच. त्यानंतर कुणी कुणाला हसत नाही.

काठावर पास:

वाचायला झकास. पण जलरंगताई, भाषेच्या शिक्षकाला वर्षअखेर पेपर असतो आणि तिथे घोड्याचा पार्श्वभाग विचारत नाहीत. सत्तर मिनिटांत एक चित्र, त्यात शुद्धलेखन कुठे, परिच्छेदाची बांधणी कुठे? ज्या मुलाला तीन वाक्यं सलग लिहिता येत नाहीत तो खलाशी होऊन काय लिहिणार? माझ्या वर्गात अशी दहा-बारा तरी आहेत. विरोध नाही, पण हे हुशार तुकडीचं काम वाटतं.

तिसरी घंटा:

काठावर पास, उलट आहे. हुशार तुकडीला निबंध पाठ असतो, तिथेच हे करणं अवघड.

मी नाटक घेतो, भाषेचे काही तासही पदरात पडतात. जलरंगताईंची दोन मिनिटं शांतता माझ्या वर्गात तरी टिकत नाही, मी मुलांना सरळ उठवतो. सहा-सहाचे गट, चित्रातली माणसं व्हायचं आणि गोठायचं. नांगर, घोडा, जहाजसुद्धा मुलंच होतात. मी फिरून एकेकाच्या खांद्याला हात लावतो. लावला की त्याने एक वाक्य बोलायचं, डोक्यात आत्ता जे चाललंय ते. पुढच्याला हात लावला की हा गप्प. तुम्ही म्हणता ती दहा-बारा मुलं इथे बोलतात, कारण एकच वाक्य मागितलंय आणि कुणी तपासणार नाही. शेजारच्याने ते वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. गटाकडे सहा वाक्यं झाली. ती कोणत्या क्रमाने लावायची यावर भांडा. परिच्छेदाची बांधणी म्हणतात ती हीच, फक्त तिला नाव दिलेलं नाही.

मग म्हणायचं, दहा सेकंद मागे जा आणि गोठा. दहा सेकंद पुढे जा आणि गोठा. पुढच्या चित्रात कुणी पाण्यात उडी मारायला निघतो का, हे प्रत्येक गट वेगळं ठरवतो. ज्याने शेतकऱ्याला मान वर करायला लावली, त्याला मी विचारतो: कशामुळे? काय ऐकलं? काळांचा गोंधळ इथे बरा सुटतो, कारण ‘नांगरत होता’, ‘नांगरतोय’, ‘नांगरला’ यातलं प्रत्येक रूप अंगाने करून झालेलं असतं.

एका बाबतीत जलरंगताईंशी जमत नाही. ओव्हिडचा उतारा लिहिण्याच्या आधी वाचू नये. एकदा पंख आणि मेण कानावर पडलं की ‘तुला माहीत नाही’ म्हणून काय उपयोग, मुलं चोरून आणतातच. शेतकऱ्याच्या तोंडी ‘कुणाचे तरी पंख वितळले असावेत’ असं वाक्य येतं. आधी लिहू दे, मग वाचा.

आणि दुसऱ्या जोडतासाला व्हॅन गॉगच हवा असेल तर ‘पोटॅटो ईटर्स’ घ्या, १८८५ चं. पाच माणसं, वर एक दिवा, एक टेबल. रंगमंच तयारच आहे. एकमेकांच्या इतक्या जवळ बसलेत आणि नजरा मात्र जुळत नाहीत, हे गोठल्यावर मुलांना पटकन जाणवतं.

जलरंग:

तिसरी घंटा, उताऱ्याचं पटलं नाही. कवितेतले थक्क झालेले तिघे माहीत असल्याशिवाय चित्रातल्या बेफिकिरीची धार लागत नाही. चोरून आणलेलं वाक्य मी शेजाऱ्याकडून खोडून घेते, त्यातही शिकणं आहे. पण दोन तुकड्या असतील तर एकीला आधी, एकीला नंतर, असं करून बघायला माझी हरकत नाही.

‘पोटॅटो ईटर्स’ला मात्र दोन्ही हात वर. त्या चित्राबद्दल व्हॅन गॉगने भाऊ थिओला पत्रं लिहिलीत, ती भाषेच्या तासाला सोन्यासारखी आहेत. ज्या हातांनी ही माणसं ताटलीतून खाताहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणलीय, हे दिसावं अशी त्याची धडपड होती. आणि चित्राचा रंग कसा, तर धूळ लागलेल्या बटाट्याचा, अर्थात न सोललेल्या. ‘तपकिरी’ म्हणून तो थांबला नाही. मी हे वाचून दाखवते आणि मुलांना वर्गातल्या पाच वस्तूंचे रंग लिहायला सांगते, रंगाचं नाव न वापरता. फळा, दप्तराचा पट्टा, खिडकीचा गज. दहा मिनिटांचा खेळ आहे. त्या दिवसापुरते सुंदर, मनमोहक, विलोभनीय, अवर्णनीय हे चार शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्यांच्यावर फुली मारायची.

खडूफळा:

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सरांना दाखवलं, ते आता कॉलर ताठ करून फिरताहेत.

दोन शंका. इकॅरसची गोष्ट दोन-तीन मुलांना माहीत असणारच, ती पहिल्याच मिनिटाला ओरडली तर? आणि वह्या. जलरंगताई, तपासायचं काय नेमकं? आमच्याकडे दर उपक्रमाला गुण नोंदवावे लागतात. शिवाय प्रोजेक्टर कधी चालतो, कधी नाही.

जलरंग:

ओरडली तर ओरडू दे. ‘कशावरून?’ हा प्रश्न त्यांनाही आहेच. चित्रात पंख कुठे दिसतात, दाखव. पाण्यावर दोन-चार पिसं आहेत, ती शोधायला त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला फांदीवर बसलेला तित्तिर शोधायला लावा, गळवाल्याच्या जवळ आहे. ओव्हिडमध्ये तो तित्तिर म्हणजे डेडलसचा भाचा. त्याची हुशारी बघून डेडलसने त्याला उंचावरून ढकललं होतं, तेव्हा देवीने त्याचा पक्षी केला. इकॅरसला पुरताना हा पक्षी आनंदाने पंख फडफडवतो. जाणकार मुलांना हा बहुधा माहीत नसतो, तेवढीच त्यांची मान खाली.

तपासायचं असं: प्रत्येकाने आपल्या लेखातली दोन वाक्यं अधोरेखित करायची. एक असं, की ज्याच्यासाठी चित्रावर बोट ठेवता येतं. दुसरं असं, की जे चित्रात नाही पण चित्रातूनच निघतं. शेजाऱ्याने वाचायचं, बोट ठेवून बघायचं, ठेवता आलं नाही तर समासात प्रश्नचिन्ह. तुम्ही दर आठवड्याला १२ वह्या पूर्ण वाचा, महिन्यात सगळा वर्ग होतो. बाकीच्या ३६ मध्ये फक्त ती दोन वाक्यं बघा. गुण त्यांनाच. शुद्धलेखनही त्या दोन वाक्यांतलंच पक्कं करून घ्या, काठावर पास यांचं समाधान होईल. पेन्सिलच्या चित्राला गुण द्यायचे नाहीत, एकही नाही. दिलेत की पुढच्या वेळी ताई-दादाकडून काढून आणतील.

प्रोजेक्टरचं: मोठी रंगीत प्रिंट एकच काढा आणि गटागटाने जवळ बोलवा. फळ्यावर खडूने मूळ आकाराची चौकट आखून ठेवा, साधारण ७३ बाय ११२ सेंटिमीटर. त्या चौकटीत ते पाय केवढे असतील हे एखाद्या मुलीला येऊन काढायला सांगा. सगळ्या जणी फार मोठे काढतात. दहावीला ‘गेर्निका’ घेतलंत तर हेच मैदानावर करा. पिकासोचं १९३७ चं ते चित्र साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब आहे. आखून झाल्यावर मुलांना आत उभं करायचं.

काठावर पास:

दोन वाक्यांचं मी उचलतोय. माझ्याकडे जोडतास नाही, ३५ मिनिटंच आहेत, म्हणून तिसऱ्या घंटेचं गोठणं आणि हे अधोरेखित एवढंच घेईन, पेन्सिल वगळून. मात्र समासातली प्रश्नचिन्हं मुलं एकमेकांच्या वहीत सूड म्हणून मारतील, हे लिहून घ्या.

तिसरी घंटा:

मारतातच. म्हणून प्रश्नचिन्ह मारणाऱ्याने खाली सही करायची.